जिम रीव्ह्ज नको म्हणाली, मग लावू काय?

पत्र थोडं कापून छापतोय:

"मावशी, नमस्कार. मी बेळगावात शहापूरचा, बायको कॅम्पातली, कॅथलिक. लग्नाला दीड वर्ष झालं. सप्टेंबरमध्ये सासरे गेले. त्यांच्याकडं दर नाताळला जिम रीव्ह्ज आणि बोनी एमच्या कॅसेट लागायच्या, १५ डिसेंबरपासनं ३१ पर्यंत, तोच टेप, तीच गाणी, आणि २५ ला सासऱ्यांच्या हातचा विंदालू. यंदा सासूबाई २० तारखेलाच आमच्याकडं येणार आहेत, टेप पण घेऊन येतो म्हणाल्या. बायको म्हणते ती गाणी लावायची नाहीत, माझ्याच्यानं ऐकवणार नाहीत, खरं घर गप्प पण नको, वेगळी काहीतरी लाव. यूट्यूबवर बघितलं तर सगळं तेच ते जिंगल बेल्स. वर आमची आई म्हणते वर्ष झालं नाही अजून, गाणी कसली लावताय. मला इंग्लिश गाण्यातलं काही कळत नाही, मी आपला अभंग आणि लावणीवाला माणूस. फार रडकी नकोत, धांगडधिंगा पण नको. काय लावू सांगा. — कॅम्पचा जावई"

जावईबापू,

तुझं पत्र वाचलं आणि पहिलं काय आठवलं सांगू, तर आमच्या शेजारच्या आंटींकडं गेलेलं आमचं स्टीलचं ताट. आमचं लहानपण कॅम्पाच्या कडेला गेलं, दिवाळीला आमच्याकडनं लाडू-चकलीचं ताट त्यांच्याकडं जायचं आणि ते काही रिकामं परत यायचं नाही, डायरेक्ट २४ डिसेंबरला यायचं, कुलकुल, नेवऱ्या आणि दोदोलच्या दोन वड्या घालून, वर क्रोशाचा रुमाल. मधला दीड-दोन महिना आई त्या ताटावरनं बोलत असायची ते वेगळं. तर ते ताट घेऊन त्यांचा मुलगा यायचा तेव्हा मागं त्यांचं दार उघडं असायचं आणि त्या दारातनं जो आवाज यायचा तो जिम रीव्ह्जचाच. अजून कुठं ते गाणं लागलं की मला खोबऱ्याचा आणि गुळाचा वास येतोय. मला, शेजारणीला! मग तुझ्या बायकोला काय काय येत असेल बघ. त्यामुळं ती नको म्हणते ते एकदम बरोबर म्हणते, त्यावर वाद घालू नकोस.

आधी तुझ्या आईचं बघू, कारण ते मिटल्याशिवाय स्पीकरला हात लावण्यात अर्थ नाही. आईचं पण चुकत नाही रे. आपल्यात वर्षाच्या आत त्या घरी सणाची कढई चढवत नाहीत, खरं त्या घराला तसंच पण सोडत नाहीत, शेजारी-पाहुणे गोडधोड करून आणून देतात की नाही? तेवढा धागा धरून चाल. आईला म्हण, विहीणबाईंचा पहिला सण आहे, त्यांच्यात नेवऱ्या लागतात, नेवरी म्हणजे आपली करंजीच, तर यंदा तू करून दे. बघ मग गाण्याचा विषय निघतोय का. आणि निघालाच तर सांग की ही वरातीची गाणी नव्हेत, बाळ जन्मल्याचा पाळणा आहे, भजन आहे, आणि माणूस गेलेल्या घरात आपण भजन ठेवतोच. कॅथलिक लोकं २ नोव्हेंबरला सिमेट्रीत जाऊन मेणबत्त्या लावून येतात, गेलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना असते, आपल्या सर्वपित्रीसारखंच. ही एवढी गोष्ट तू आईला सांगितली असशील असं मला वाटत नाही. बायकोच्या घरच्या रीती आईपर्यंत पोचवायचं काम नवऱ्याचं असतंय, ते बायकोवर ढकलायचं नसतंय.

झालं, आता गाणी.

तुझी एक चूक सांगते, रागावू नको. बायको म्हणाली "वेगळी" लाव आणि तू शोधायला गेलास "हसरी". ती असं म्हणाली नाही. दुःखाच्या घरात टिंगटिंग घंटा वाजवणारं गाणं लावलं की माणूस जास्त एकटं पडतंय, माझा स्वतःचा अनुभव आहे, आमचे हे गेले त्या वर्षी दिवाळीला वरच्या मजल्यावरच्या पोरांनी मला बरं वाटावं म्हणून दणदणीत गाणी लावली होती, मी आत जाऊन कानात कापूस घातला.

आणि तुला एक गंमत सांगते, गंमत कसली, पण ऐक. ख्रिसमसची जी चांगली गाणी आहेत ना, त्यातल्या कितीतरी गाण्यांत कोणीतरी घरात नाहीच आहे. व्हाईट ख्रिसमस घे, जगभर सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यांतलं, १९४२ मध्ये बिंग क्रॉसबीनं म्हटलेलं. ते लिहिलं अर्व्हिंग बर्लिननं, तो ज्यू, नाताळ त्याचा सणच नव्हता, आणि त्याचं तान्हं बाळ १९२८ साली बरोबर २५ डिसेंबरलाच गेलेलं. आता ते गाणं परत ऐक, बर्फाबद्दल ऐकू येतंय का बघ. तसंच तुझ्या सासऱ्यांचा जिम रीव्ह्ज. त्याची ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस ही रेकॉर्ड १९६३ ची, आणि ३१ जुलै १९६४ ला तो विमान पडून गेला. म्हणजे कॅम्पातल्या घराघरांत इतकी वर्षं जो आवाज नाताळ घेऊन यायचा तो गेलेल्या माणसाचाच होता, आणि त्याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. हे बायकोला आत्ता लगेच सांगायला जाऊ नकोस हां, हे नंतर कधीतरी.

तर पहिलं गाणं, आणि तू बाकी सगळं विसरलास तरी हे एक लाव. पॉल केली म्हणून ऑस्ट्रेलियाचा गायक आहे, त्याचं १९९६ चं गाणं, हाऊ टू मेक ग्रेव्ही. नाव ऐकून हसशील. ते गाणं म्हणजे पत्र आहे. तारीख २१ डिसेंबर. लिहिणारा जेलमध्ये आहे आणि भावाला लिहितोय. आपल्याकडं हिंडलगा म्हटलं की पहिलं जेलच डोळ्यासमोर येतंय, तर तिथनं कोणी पत्र पाठवलंय असं समज. तो विचारतो घरी सगळे जमणार ना, कोण कुठनं येणार, यंदा ऊन लई आहे म्हणे, शंभर डिग्रीच्या वर जाईल (त्यांचा डिसेंबर म्हणजे आपला मे, आणि शंभर फॅरनहाइटमध्ये), आणि मग विचारतो की आता ग्रेव्ही कोण करणार? कारण ती दरवर्षी तो करायचा. आणि सांगत बसतो: मैदा घाल, मीठ घाल, थोडी रेड वाईन, आणि टोमॅटो सॉस एक चमचा विसरू नकोस, गोडी येते. पोरांची आठवण काढतो, बायकोची काढतो, भावानं बायकोबरोबर नाचताना जरा जास्तच जवळ धरलं तर, अशी शंका पण मधनंच काढतो, मग स्वतःच माफी मागितल्यासारखं बोलतो. गाण्याला धृपद नाही. आपण पत्र वाचताना जसं मागं फिरून तीच ओळ परत परत म्हणत नाही, तसं ते सरळ जातंय शेवटपर्यंत. ऑस्ट्रेलियात आता लोकं २१ डिसेंबरला ग्रेव्ही डेच म्हणतात.

कळलं ना मी हे का सांगते ते? तुझ्या घरात यंदा खरा प्रश्न गाण्याचा नाहीच आहे बाबा. विंदालू कोण करणार हा आहे. पत्रात तू ते एका ओळीत लिहून पुढं गेलास, खरं मला तिथंच थांबावं लागलं. माझं ऐकशील तर २१ तारखेला संध्याकाळी किचनमध्ये हे गाणं लाव, मोठ्यानं नको, आणि बायकोला त्यातली गोष्ट मराठीत सांग, जशी मी तुला सांगितली तशी, आणि सासूबाईंना विचार की पप्पा विंदालूला व्हिनेगर किती घालायचे. बस, एवढंच विचार. मग त्या सांगतील, मग बायको म्हणेल नाही मम्मी, मिरच्या आधी भिजवायचे, मग दोघींचं भांडण होईल, होऊ दे. तू फोनवर रेकॉर्ड करून ठेव. विंदालू व्हिनेगरमुळं मुरतोय, दोन दिवस ठेवलेला जास्त चांगला लागतोय, म्हणजे २३ ला केला तरी २५ ला एकदम बरोबर. आणि प्लीज त्यात बटाटा घालू नकोस, हॉटेलवाले नावातला आलू बघून घालतात, त्या शब्दातला आलू म्हणजे पोर्तुगीजांचा लसूण आहे. जमला नाही तर नाही जमला, पहिल्या वर्षी कुणाचाच जमत नाही.

रडू येईल का? येईल की. तू लिहिलंयस फार रडकी नकोत, आणि हे गाणं रडकं नाही, ते गप्पा मारतंय. फरक आहे दोन्हीत. अभंग ऐकणाऱ्याला हे मी काय सांगू.

दुसरं गाणं बायकोसाठी, एकटीला ऐकायला, हेडफोन लावून. प्रिटेंडर्स म्हणून बँड आहे, क्रिसी हाइंड ही त्यांची गायिका, गाणं टू थाउजंड माइल्स, १९८३ चं. लोकांना वाटतं की प्रियकर दोन हजार मैल लांब गेलाय आणि ती वाट बघते, म्हणून प्रेमाच्या गाण्यात मोजतात. खरं ते गाणं तिनं आपल्याच बँडच्या गिटारवाल्यासाठी लिहिलं, जेम्स हनीमन-स्कॉट, १९८२ मध्ये गेला, वय २५. म्हणजे ते अंतर मैलात मोजायचं अंतर नाहीच. गिटार मात्र अशी वाजते की थंडीत पहाटे कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं. हे तू लावू नकोस, फक्त लिंक पाठव आणि गप्प बस, "कसं वाटलं" असं पण विचारू नकोस. तसंच जोनी मिचेलचं रिव्हर, १९७१ चं, सुरुवातीला पियानोवर जिंगल बेल्सचीच चाल येते खरं अशी काही वळते की ओळखीचं माणूस आजारी पडून समोर आल्यासारखं होतं. सगळीकडं सणाची तयारी चाललीये आणि हिला वाटतंय एखादी गोठलेली नदी असती तर स्केटिंग करत निघून गेले असते. ज्या दिवशी बायको म्हणेल मला कुणाशी बोलायचं नाही त्या दिवसासाठी हे ठेव. (आणि जिंगल बेल्सवर तू वैतागलायस तर हे पण ऐक, १८५७ मध्ये छापलेल्या त्या गाण्यात ख्रिसमस हा शब्दच नाही, नुसती बर्फावरच्या घोडागाडीतनं चक्कर आहे. रेस लावलेल्या बैलगाडीचं गाणं आपण दिवाळीला म्हटल्यासारखं.)

आता जरा हलकं. लो म्हणून अमेरिकेत मिनेसोटातला बँड, नवरा-बायकोचा, दोघं मिळून गायचे. १९९९ मध्ये त्यांनी ख्रिसमस नावाची छोटी रेकॉर्ड काढली, त्यातलं पहिलंच जस्ट लाइक ख्रिसमस. घुंगरासारख्या घंटा आहेत, ढोल आहे, म्हणजे आईला पण चालेल असा ठेका. गोष्ट एवढीशीच: गाडीतनं चाललेत, बर्फ पडायला लागला, एकजण म्हणतो ख्रिसमससारखं वाटतंय, दुसरी म्हणते छे, काही नाही वाटत. पुढं गेले, बर्फ गेला, रस्ता चुकले, राहायला मिळालेल्या खोलीतल्या खाटा पण लहान, आणि तेव्हा कुठं वाटलं की हां, हे ख्रिसमससारखं. म्हणजे सगळी तयारी बरोबर असली की सण येत नाही आणि सगळं चुकलं की येतोय, हे आपल्याला काय नवीन आहे, आमच्याकडं लाइट गेलेली दिवाळी सगळ्यांना आठवते, बाकीच्या कुठल्या आठवत नाहीत. गाणारी मिमी पार्कर २०२२ मध्ये कॅन्सरनं गेली. हे सांगितलंच पाहिजे असं नाही, मीच उगाच सांगितलं.

भांडी घासताना, कुलकुल वळताना (काट्याच्या पाठीवर गोळी दाबून गुंडाळायची असते, तुला बसवतीलच, बस) ख्रिसमस रॅपिंग लाव, वेट्रेसेस नावाच्या बँडचं, १९८१ चं. गाणं कमी आणि कटकट जास्त, म्हणजे एक बाई बोलल्यासारखी गात जाते की वर्षभर एका मुलाला भेटायचं राहून गेलं, कधी हे नडलं कधी ते, आता यंदा नाताळ एकटीनंच करणार, कंटाळा आलाय. आणि रात्री आठवतं की स्वयंपाकातलं एक सामान आणायचं विसरलं, म्हणून दुकानात पळते, तर तिथं तोच मुलगा, तो पण तेच विसरलेला. खडेबाजारात शेवटच्या मिनिटाला गेलेल्या माणसाला हे गाणं लगेच कळेल. यात कोणी मेलेलं नाही, घाबरू नकोस.

एक-दोन गाणी चांगली आहेत खरं सासूबाईंसमोर नकोत. पोग्सचं फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क, १९८७ चं, सोबत कर्स्टी मॅककॉल. दारू पिऊन पकडलेल्यांच्या कोठडीत नाताळची रात्र काढणारा आयरिश माणूस, मग तो आणि त्याची बाई एकमेकांची आईबहीण काढतात आणि तरी त्या भांडणात इतकं प्रेम आहे की काय सांगू. शेन मॅकगोवन, गाणारा, जन्मलाच २५ डिसेंबरला, १९५७ साली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गेला, तर त्याच्या अंत्यविधीत चर्चमध्ये हे गाणं म्हटलं आणि लोकं चक्क नाचली. मला फार आवडतं. तरी शिव्या आहेत, तुमचं लग्न नवीन आहे, सासूबाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या असणार, एक शब्द सुटणार नाही त्यांच्या कानातनं. दोघं असाल तेव्हा ऐका. दुसरं टिम मिंचिनचं व्हाईट वाइन इन द सन, २००९ चं. हा माणूस देव मानत नाही आणि गाण्यात तसं सांगतोय पण, म्हणून मम्मींसमोर नको म्हटलं, खरं त्याला ख्रिसमस आवडतो, कारण उन्हात अंगणात बसलेले त्याचे आईवडील, भाऊ, बहिणी, आजी. आणि तान्ह्या मुलीला सांगतो की तू मोठी होऊन जगात कुठंही असलीस तरी ही माणसं तुझी वाट बघत असतील. तू हिंदू, ती कॅथलिक, आणि घरात नाताळ कुणाचा म्हणायचा हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी येणारच, तेव्हा हे गाणं कामाला येईल. यंदा मात्र वडील या शब्दावर आधीच घर कापरं आहे, तर पुढच्या वर्षी.

२४ च्या रात्री मिसाला जाण्याआधी काय लावायचं हे तू विचारलं नाहीस, खरं तीच वेळ अवघड असते, सगळे नवे कपडे घालून तयार आणि एक माणूस कमी. त्या वेळी कुणाचाही एकट्याचा आवाज नको, समूहाचा लाव. श्चेद्रिक शोध. मिकोला लिओंतोविच नावाच्या युक्रेनच्या संगीतकाराचं, १९१६ मध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. चाल तुला माहिती असणार, हीच चाल इंग्लिशमध्ये कॅरल ऑफ द बेल्स म्हणून सगळ्या मॉलमध्ये वाजते, इंग्लिश शब्द १९३६ मध्ये अमेरिकेत बसवले आणि घंटा तिथं घुसल्या. मूळ गाण्यात घंटा नाही, येशू पण नाही. एक पाकोळी घरात उडत येते आणि मालकाला म्हणते बाहेर येऊन बघ, गोठ्यात कोकरं झालीत, यंदा बरकत आहे. नव्या वर्षाला दारोदार म्हणायचं गाणं. आता सांग, पहाटे दारात येऊन घरादाराला चांगलं चिंतून जाणारा आपला वासुदेव यापेक्षा काय वेगळं करतोय? तुझ्या आईला हे गाणं ऐकव आणि वासुदेवाचं सांग. चार स्वर आहेत, तेच तेच फिरतात, आणि सत्तर माणसं एका श्वासात म्हटल्यासारखी चढत जातात. शब्द कळायची गरजच नाही, त्या खोलीतल्या कुणालाच कळणार नाहीत, म्हणजे सगळे सारखेच.

सायलेंट नाइट तर चर्चमध्ये होईलच, त्याबद्दल फक्त एवढंच, ते १८१८ च्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये पहिल्यांदा म्हटलं तेव्हा साथीला गिटार होती. ऑर्गन उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घेतली अशी गोष्ट सांगतात, ती नंतर कुणीतरी लावलेली फोडणी आहे. म्हणजे आज आपल्याला जे सगळ्यात मोठ्या चर्चमधलं गाणं वाटतं ते दोन माणसं आणि एक गिटार एवढ्यावर सुरू झालं. तुझ्या घरी कुणाला गिटार येत असेल तर लाइट कमी करून एकदा म्हणा.

आणि आता तुझ्याबद्दल. "मी आपला अभंगवाला" असं लिहिलंयस, जसं काय या सणात तुझं काही कामच नाही. अरे, उलट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८६१ ते १९१९, लक्ष्मीबाईंचे मालक, यांनी ख्रिस्ताची भजनं लिहिली ती अभंगाच्या, ओवीच्या वळणावर, टाळ घेऊन म्हणायची, आणि मराठी चर्चमध्ये ती अजून म्हणतात. आपण तुकारामांच्या पुलावरनं ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे. त्याच्या पण मागं जा. १६१६ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज जन्माला यायच्या आधी, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं क्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणजे काय लांबची गोष्ट नाही. गंमत म्हणजे ते छापलं रोमन लिपीत, आपण आता व्हॉट्सॅपवर मराठी टाइप करतो तसं! "जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कि रत्नांमाजि हिरा निळा । तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी" ही ओवी शाळेत पाठ केली असशील, ती यातलीच. देवनागरीतली प्रत छापलेली मिळते. वाचनालयात बघ, बाळाच्या जन्माचा भाग काढ, आणि २५ ला सकाळी विंदालू गरम होईपर्यंत चार ओव्या तू म्हण. वाचू नकोस, म्हण, ज्ञानेश्वरी म्हणतोस तसं. सासूबाईंनी बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असेल, आणि तुझी आई पण तिथं असेल तर बघ चेहरा तिचा. यूट्यूबवर शोधून जे मिळणार नाही ते हेच, आणि हे बायकोला ऐकव.

एवढी सगळी नको लावूस हां. दिवसातनं तीन-चार गाणी बास, बाकी वेळ घर गप्प राहिलं तर राहू दे, लोकं येतील, कॅरल म्हणणारी पोरं येतील, कुकरच्या शिट्ट्या आहेत. आणि यूट्यूब ऑटोप्लेवर ठेवू नकोस, तेवढं नक्की कर, नाहीतर तू पाकोळीचं गाणं लावून बाथरूमला जाशील आणि मागं तो आपोआप जिम रीव्ह्ज सुरू करेल.

राहिला टेप. सासूबाई घेऊन येतो म्हणाल्या तर येऊ दे, नको म्हणू नकोस, त्यांचा नवरा गेलाय, त्यांना आवाज पाहिजे असेल, तुझ्या बायकोला नको असेल, दोघींचं दुःख एकाच मापाचं असावं असं काही नाही. त्यांना दुपारी त्यांच्या खोलीत दार लावून ऐकू दे, त्या वेळी तू बायकोला घेऊन बाजारात जा. आणि कधी तीच म्हणाली की लाव, २५ ला म्हणेल, ३१ ला कॅम्पात ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळून परत आल्यावर म्हणेल, नाहीतर पुढच्या वर्षी, तेव्हा टेप चालू स्थितीत पाहिजे. म्हणून आल्या आल्या तो उघडून बघ. रबराचा पट्टा सैल झाला असणार, तो बदलून मिळतोय. हेड कापसाला स्पिरिट लावून पूस. कॅसेट वर्षभर पडून आहे, तर भोकात पेन्सिल घालून हातानं हळूहळू एका बाजूची दुसऱ्या बाजूला गुंडाळ, बटण दाबून पळवू नकोस. आणि त्यांची कॅसेट पहिल्यांदा घालू नकोस. तुझ्याकडची लावणीची एखादी जुनी घाल, टेपनं खाल्ली तर तुझी खाऊ दे.